स्टीमपंक बँडचं जग: ही माणसं वाजवतात कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा. पाच जणांचा स्टीमपंक बँड आहे. वाफेवर चालणाऱ्या एका काल्पनिक जगातली पात्रं बनून ते कार्यक्रम करतात. तरंगती शहरं, कोळशाचा तुटवडा, दोन घराण्यांमधलं युद्ध आणि हवाई जहाज पळवून नेणारे पाच बंडखोर, असा चाळीस पानांचा इतिहास लिहून तयार आहे. कपडे झाले, पितळी गॉगल झाले. पण प्रयोगात लोक गाण्यांना टाळ्या देतात आणि गाण्यांच्या मधे गोष्ट सुरू झाली की मोबाइल काढतात. गोष्ट सोपी करावी का, निवेदक घ्यावा का, मागे पडद्यावर चित्रं दाखवावीत का, आणि इंटरनेटवर पात्र म्हणून वावरावं की स्वतःच्या नावाने, असं या बँडने मला विचारलं आहे.

मी अशा बँडमध्ये बरीच वर्षं कीबोर्ड वाजवला आणि नंतर इतरांचे प्रयोग बसवून दिले. त्या अनुभवावरून सांगते: गोष्ट सोपी करू नका, निवेदक घेऊ नका आणि पडदा तर मुळीच लावू नका. अडचण गोष्टीच्या लांबीची नाही. तुमच्या चाळीस पानांत त्या जगात काय काय घडलं ते सगळं आहे, पण ही पाच माणसं आत्ता, या लोकांसमोर, वाद्यं घेऊन का उभी आहेत, हे कुठेच नाही. प्रेक्षकाला ते शब्दांत सांगता येत नाही, पण जाणवतं नक्की. गाणं चालू असताना त्याला बँड दिसतो, गाणं थांबलं की वेश केलेली माणसं दिसतात. मोबाइल निघतो तो त्या फटीत.

तुमचंच उदाहरण घ्या. पात्रं बंडखोर आहेत आणि राज्यकर्त्यांचे शिपाई त्यांच्या मागावर आहेत. मग ती लपायची सोडून ड्रम बडवत का बसली आहेत? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, आणि ते वाक्य गाण्याला जन्म देणारं हवं. ज्यांचं जमलं त्यांच्याकडे बघा. अमेरिकेतला ‘स्टीम पॉवर्ड जिराफ’ हा बँड २००८ मध्ये सुरू झाला. त्यांच्या कथेत एका संशोधकाने १८९६ मध्ये गाणारे यंत्रमानव बनवले, एका स्त्रीचं मन जिंकण्यासाठी. पुढे त्यांना लढाईला जुंपलं गेलं वगैरे बरंच काही आहे, पण मुळात ते गाण्यासाठीच घडवलेले आहेत. रंगमंचावर उभं राहायला त्यांना वेगळं कारण लागत नाही. ब्रिटनमधल्या ‘द मेकॅनिझम्स’ची पात्रं म्हणजे अंतराळात भटकणारे, मरण नसलेले चाचे. ते इतरांच्या शोकांतिका पाहतात, कधी त्यात लुडबुड करतात आणि मग त्या गाऊन सांगतात. सिॲटलचा ‘ॲबनी पार्क’ आधी गॉथ-इंडस्ट्रियल, म्हणजे गडद आणि यांत्रिक आवाजाच्या वळणाचा बँड होता. त्यांनी स्वतःला नव्याने घडवलं तेव्हा आपल्या विमानाची एका काळप्रवासी हवाई जहाजाशी टक्कर झाली अशी कथा रचली. म्हणजे कथेतही ते आधीपासून वादकच होते, फक्त आता त्यांच्या हाती जहाज आलं. तिन्ही कारणं अगदी वेगवेगळी आहेत, पण प्रत्येक कारण पुरतं.

तुमच्या चाळीस पानांतलं एक वाक्य मला फार आवडलं: तरंगत्या शहरांखालच्या दरीत कायम धुकं असतं. तुम्ही ते वातावरणासाठी लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले असते.

खऱ्या इतिहासात धुकं आणि आवाज यांचं नातं जुनं आहे. वाफेवर आपोआप वाजणारा पहिला धुक्याचा भोंगा १८५९ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या पार्ट्रिज बेटावर बसला. त्यामागची कल्पना रॉबर्ट फाउलिस या संशोधकाची. असं सांगतात की धुक्यातून घरी येताना त्यांना दुरून मुलीचा पियानो ऐकू आला आणि त्यातले खर्जाचे सूरच तेवढे पोचताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे ठिकठिकाणच्या भोंग्यांना आपापला ठरलेला क्रम मिळाला, इतके सेकंद आवाज, इतके सेकंद शांतता, म्हणजे न दिसणारा किनारा कुठला ते खलाशाला कानाने कळावं.

आता हे तुमच्या दरीत आणा. जहाजांना उतरायचा धक्का दिसत नाही. धक्क्यावर पाच जण वाजवत असतात आणि जहाजं त्या आवाजाच्या रोखाने उतरतात. वाजवणं थांबलं तर जहाज कड्यावर आदळेल. तुमचे बंडखोर इथे येऊन लपले आहेत असं करा, कारण ही नोकरी करायला दुसरं कोणी तयार नाही. बघा किती गोष्टी एकदम जागेवर बसतात. आवाज मोठा का, खर्ज इतका का, तोच मुखडा पुन्हा पुन्हा का, तार तुटली तरी थांबायचं का नाही, या सगळ्याला त्या जगातलं कारण मिळालं. आणि प्रेक्षक कोण, हेही ठरलं: धक्क्यावर आपल्या माणसाची वाट पाहत उभी असलेली मंडळी. आता टाळ्या मागायच्या तर ‘आवाज येऊ दे’ असं नुसतं ओरडावं लागत नाही. ‘जहाज उजवीकडे वाहतंय, डावीकडच्यांनो, टाळ्या द्या’ एवढं म्हटलं की अर्धं सभागृह कामाला लागतं आणि उरलेलं अर्धं कान देऊन ऐकू लागतं.

हेच कारण तुम्ही घेतलं पाहिजे असा माझा हट्ट नाही, हवं तर दुसरं शोधा. पण ते सापडेपर्यंत एकही नवं पान लिहू नका.

आता गाण्यांच्या मधल्या बोलण्याबद्दल. तुम्ही पाठवलेल्या संहितेत कप्तान माइकवर येऊन म्हणते, ‘शंभर वर्षांपूर्वी या दोन घराण्यांत कोळशाच्या खाणींवरून युद्ध पेटलं, आणि तेव्हापासून आमच्या शहरांवर अंधाराची सावली पडली आहे.’ हे पाठ केलेलं भाषण आहे. ते कोणी कोणाला का सांगतंय ते कळत नाही, आणि ते झाल्यावर रंगमंचावर काही बदलतही नाही. माझा नियम कडक आहे: मधल्या प्रत्येक बोलण्याने समोर काहीतरी बदललं पाहिजे. कोणी हुकूम दिला, कोणी तो नाकारला, कोणाला भीती वाटली, कोणी काही मागितलं. तीच माहिती अशी येऊ शकते. ड्रमर भट्टीत फावडं घालतो आणि थबकतो. ‘कप्तान, पोत्यावर त्या घराण्याचा शिक्का आहे.’ कप्तान वळूनही बघत नाही. ‘जळतो ना?’ ‘जळतो.’ ‘मग टाक.’ बेसवाली वाद्य खाली ठेवते. ‘माझा भाऊ त्या खाणीत गेला.’ क्षणभर कोणी बोलत नाही, मग व्हायोलिनवर पुढच्या गाण्याचे पहिले सूर येतात आणि बेसवाली शेवटी, सर्वांत उशिरा, वाद्य उचलते. युद्ध, खाणी, घराणी, सगळं आलं. शिवाय पुढच्या गाण्यात बेस उशिरा का येतो हे लोकांना माहीत आहे, म्हणून ते त्याची वाट पाहतात. हे सारं अर्ध्या मिनिटात होतं. याहून लांब काही असेल तर ते गाण्यात घाला किंवा सोडून द्या.

जे सुटेल त्याची हळहळ करू नका. उल्लेख होऊन न उलगडलेली गोष्ट प्रेक्षक घरी घेऊन जातो आणि त्यावर स्वतः विचार करतो. जगाचा विस्तार त्याच्या डोक्यात होतो, तुमच्या माइकवर नाही.

संगीताकडे येते, कारण मला वाटतं सगळ्यात कमी मेहनत तुम्ही तिथे घेतली आहे. तुमचं ध्वनिमुद्रण ऐकलं. वाजवता छान. पण ते चांगलं रॉक आहे आणि वर ॲकॉर्डियन आहे. कपडे बदलले तर तीच गाणी कुठल्याही बँडची होतील. वाफेचं जग आधी लयीत ऐकू यायला हवं, आणि त्यासाठी खरं इंजिन ऐका. साध्या दोन सिलिंडरच्या रेल्वे इंजिनात वाफ दट्ट्याच्या (पिस्टनच्या) दोन्ही बाजूंनी आळीपाळीने येते आणि दोन बाजूंच्या क्रँक, म्हणजे चाक फिरवणारे दांडे, एकमेकींशी काटकोनात असतात, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुसकारे येतात. तीन सिलिंडरच्या, क्रँक समान अंतरावर असलेल्या इंजिनात सहा येतात. म्हणजे चाराचा ठेका आणि सहाचा ठेका ही दोन वेगळी इंजिनं झाली, आणि तुमच्या जगात दोन घराण्यांची इंजिनं वेगळी असतील तर एका सुराचाही आधार न घेता, नुसत्या ठेक्यावरून, कोणाचं जहाज येतंय ते कळेल.

यात अजून खोल जाता येतं. इंजिनाच्या झडपेची जुळणी बिघडली की चारांपैकी एक फुसकारा अशक्त पडतो किंवा किंचित उशिरा येतो आणि लय लंगडते. ड्रमरला सांगा, पहिले तीन ठोके सारखे, चौथा जरा मागे खेचलेला आणि हलका, आणि ते संपूर्ण कडवंभर टिकव. हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे, आठवडाभर नुसत्या मेट्रोनोमवर तालीम लागेल. पण जमलं की ‘आमचं इंजिन म्हातारं आहे’ हे वाक्य कोणाला बोलावं लागत नाही. जड गाडी ओढताना सुरुवातीचे ठोके संथ आणि दणदणीत असतात, मधेच चाकं रुळावर घसरली तर एकदम भरभर फुसकारे येतात आणि चालकाने वाफ आवरली की पुन्हा संथ लय धरली जाते. गाण्याच्या सुरुवातीला याहून चांगली कल्पना मला अजून सापडलेली नाही. आणि वेग आला की चालक प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये जाणारी वाफ कमी करतो, त्यामुळे ठोके जलद होतात पण मृदूही होतात. आपण बँडवाले वेग वाढला की हात जोरात चालवतो. इथे उलटं करून बघा: लय वाढवा, आवाज उतरवा. सभागृह पुढे सरकून ऐकतं.

वाद्यांच्या बाबतीत फार सोवळं पाळू नका. हार्मोनियम (पेटंट १८४२), सॅक्सोफोन (१८४६), वाफेवर वाजणारं कॅलिओपी (१८५५), कर्णा लावलेलं स्ट्रो व्हायोलिन (१८९९) ही सगळी त्या काळाची वाद्यं आहेत आणि रंगमंचावर शोभतात. थेरेमिन हे हात न लावता वाजवायचं विजेचं वाद्य मात्र १९२० च्या सुमाराचं, तरी ते अशा बँडांत सर्रास दिसतं आणि मला ते चालतं. स्टीमपंक हे नावच १९८७ मधलं आहे. ही एकोणिसाव्या शतकाची नक्कल नाही, पुढच्या काळातल्या माणसांनी केलेली त्या शतकाची कल्पना आहे. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार खुशाल वाजवा. फक्त तिला त्या जगात वीज कुठून मिळते हे वाजवणाऱ्याला ठाऊक असू द्या. तुमच्या कीबोर्डवाल्याला सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र, वापरायची लाज वाटते असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश गणितज्ञ एडा लव्हलेस यांच्याबद्दल सांगा. चार्ल्स बॅबेज यांनी आखलेल्या गणनयंत्रावर लिहिताना १८४३ मध्येच त्यांनी म्हटलं होतं की सुरांमधले संबंध यंत्राला समजतील अशा रीतीने मांडता आले तर ते गुंतागुंतीच्या संगीतरचनाही करू शकेल. सिक्वेन्सर हेच त्या जगातलं सर्वांत अस्सल वाद्य ठरू शकतं, तो लपवायचं सोडून रंगमंचाच्या मधोमध ठेवा आणि त्या गणनयंत्रासारखा छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी चालतोय असं दाखवा.

वेशभूषेवर थोडक्यात, कारण तुमचे फोटो चांगले आहेत. गायिकेचं कॉर्सेट मात्र बदला. बरगड्यांचा खालचा घेर फुगू शकला नाही तर लांब सूर टिकत नाहीत, आणि तुमच्या शेवटच्या दोन गाण्यांत नेमकं तेच ऐकू येतं. छातीखाली संपणारा रुंद पट्टा घ्या, पाठीमागे लवचीक कापड लावा आणि पूर्ण श्वास भरून मगच बांधा. गॉगल कपाळावर ठेवा. डोळ्यांवर घेतले की घामाने धुरकटतात, आजूबाजूचं दिसत नाही आणि मुख्य म्हणजे डोळे दिसले नाहीत की अभिनय संपला. उंच हॅटची कड वरच्या दिव्याखाली अर्धा चेहरा काळा करते, म्हणून समोरून खालच्या कोनातला एक दिवा मागून घ्या. दंडावरची साखळी गिटारला आपटते तो आवाज पिकअपमध्ये येतो. आणि ती चिकटवलेली दातेरी चाकं काढून टाका. जे चाक काही फिरवत नाही ते बघणाऱ्याला लगेच कळतं. वायरलेस मायक्रोफोनचा डबा पितळी दाबमापकाच्या खोक्यात बसवा, ते खोकं खरंच काहीतरी काम करत असतं.

खरी वाफ रंगमंचावर आणू नका, भाजण्याचा धोका आहे. सुक्या बर्फाचा धूर दिसतो सुंदर, पण तो कार्बन डायऑक्साइड असतो, हवेपेक्षा जड असतो आणि तळघरातल्या छोट्या सभागृहात खाली साचतो. बसून वाजवणारा ड्रमर त्यात पहिला सापडतो. साधं फॉग मशीन वापरा, तेही गायकापासून लांब, आणि आगीच्या अलार्मबद्दल सभागृहाच्या माणसांशी आधी बोलून घ्या.

भूमिका कधी सोडायची? तार तुटली, ट्रॅक बंद पडला, कोणी शब्द विसरलं, यांसाठी कधीच नाही. ‘स्टीम पॉवर्ड जिराफ’च्या यंत्रमानवांमध्ये बिघाड होतो, मान अडकते, वाक्य अर्ध्यावर घरघरत थांबतं, आणि त्यातून उत्स्फूर्त विनोद होतात. मूकाभिनयाची तालीम त्यांच्या अंगात आहे, म्हणून खरा गोंधळ कुठला आणि ठरवलेला कुठला ते ओळखू येत नाही. तुमच्या पात्रांनाही असा एक दोष द्या जो अडचणीच्या वेळी कामी येईल. पण समोर कोणाला चक्कर आली, कोणी कोणाला त्रास देत असेल, कुठे ठिणगी दिसली, तर त्या क्षणी पात्र बाजूला. दिवे पूर्ण लावायचे, स्वतःच्या आवाजात बोलायचं. कोणत्या एका शब्दावर पाचही जण वाजवणं थांबवतील ते आजच ठरवा, आणि तो शब्द गोष्टीत कधीही येऊ देऊ नका.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण अशा बँडांवर तो कधी ना कधी येतोच. पात्र आणि माणूस यांच्यात अंतर ठेवा. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी आपलं झिगी हे पात्र ३ जुलै १९७३ ला लंडनच्या रंगमंचावरूनच निवृत्त केलं. ‘किस’ या अमेरिकन रॉक बँडने १९८३ मध्ये रंगवलेले चेहरे धुऊन टाकले आणि १९९६ मध्ये पुन्हा रंगवले. ‘द मेकॅनिझम्स’ने २०२० मध्ये बँड संपवताना आपल्या अमर पात्रांना मरण दिलं. प्रत्येकाने आपापला मार्ग काढला. तुमच्यातलं कोणी सोडून गेलं तर काय, याचं उत्तर जगाच्या रचनेतच असू द्या. म्हणून मी पात्राला आधी हुद्दा देते आणि मग नाव: पश्चिम भोंग्याचा रखवालदार, भट्टीवाला, धक्क्याची कप्तान. माणूस बदलला तर हुद्दा राहतो, नवीन रखवालदार नव्या नावाने येतो आणि जुन्याची एखादी सवय त्याच्या कानावर आलेली असते. याची दुसरी बाजूही आहे. ‘स्टीम पॉवर्ड जिराफ’मधल्या एका कलाकाराने २०१४ मध्ये आपण स्त्री आहोत हे जाहीर केलं, तेव्हा तिचं यंत्रमानवाचं पात्रही तिच्याबरोबर बदललं आणि त्यांच्या जगाने ते सहज सामावून घेतलं. जग जिवंत माणसांसाठी वाकलं पाहिजे. जे वाकत नाही ते चार-दोन वर्षांत बँड मोडतं.

एका बाबतीत मात्र मी ठाम विरोध करते. तुमच्या मसुद्यात एक ‘शोधमोहिमेवरचा साहेब’ आहे आणि त्याला दिशा दाखवणारे ‘रानटी’ लोक आहेत. पितळ आणि लेसच्या त्या शतकात जहाजं कोणाच्या कोळशावर आणि कोणाच्या जमिनीवर चालली हे आपल्याला माहीत आहे. काल्पनिक जग रचायची मुभा असताना तीच उतरंड जशीच्या तशी उचलायची काय गरज? त्या तथाकथित रानटी लोकांकडे धुक्यातून आवाजाने वाट काढायचं शास्त्र आधीपासून होतं आणि घराण्यांनी ते त्यांच्याकडून लाटलं, असं करून बघा. साहेब राहू द्या, पण तो चोर आहे हे बँडला ठाऊक असू द्या. तुमची बेसवाली आणि तिचा भाऊ कुठून आले तेही मग आपोआप ठरेल.

चाळीस पानं फाडू नका. पाचांपैकी एकाकडे ती सोपवा आणि जगाबद्दल जे काही रंगमंचावर बोललं जाईल ते त्याने प्रयोगानंतर त्यात टिपून ठेवावं, कारण मागच्या वेळी मेलेलं पात्र पुढच्या वेळी जिवंत कसं, हे विचारणारे चाहते तुम्हाला मिळतील आणि मिळायलाच हवेत. दोन विधानांत विसंगती निघाली तर दोन पात्रांच्या आठवणी वेगळ्या आहेत असं म्हणा आणि त्यांना रंगमंचावर त्यावरून भांडू द्या.

इंटरनेटचं उत्तर सोपं आहे. कार्यक्रम ठरवणं, पैसे, प्रवास, तक्रार, आजारपण, चाहत्याचं खाजगी दुःख, या सगळ्याला स्वतःच्या नावाने आणि साध्या भाषेत उत्तर द्या. बाकी वेळी बँडच्या पानावर फक्त धक्क्याची नोंदवही असू द्या: आज धुकं किती, कोणतं जहाज उशिरा, कोळसा किती उरला. रोज एक-दोन ओळी पुरतात, आणि प्रयोगाच्या दिवशी ज्या जहाजाचं नाव नोंदवहीत असेल त्याच जहाजाला त्या रात्री उतरवायचं.